शेजारीण गेली रसायनशास्त्रात

आमच्या घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, दिसतं. पडदा ओढायचा राहिला की समोरच्या इमारतीतली मंडळी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत येतात आणि तेच तेच कपडे पुन्हा पुन्हा झटकत उभी राहतात. कारण आम्ही नवरा-बायको हातांनी भांडतो. सासूबाई जन्मापासून बहिऱ्या. त्यांच्यासमोर तोंडाने बोललं की त्यांना वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवताहेत. म्हणून घरात जे बोलायचं ते खुणांनी, अगदी एकमेकांचा उद्धार करायचा असला तरी. त्यात आमच्या ह्यांची एक खोड आहे. हरायला आले की डोळे मिटून घेतात. झालं, बोला आता भिंतीशी. मग मी कडाकडा बोटं मोडते, तेवढं तरी ह्यांना ऐकू येतं.

कालपासून मात्र भांडण बंद आहे. कालपासून मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगून झाली, लिफ्टवाल्याला झाली, आता तुमची पाळी. पण आधी आमचे हे कोण ते सांगायला हवं, नाहीतर गोष्टीतली गंमत कळायची नाही.

विद्यापीठात ह्यांना सगळे मामा म्हणतात आणि त्या नात्याने मी मामी. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे, तेच दिव्यांग विद्यार्थ्यांचं केंद्र. तिथली व्यवस्था मी बघते. कोणाला परीक्षेला जास्त वेळ हवा, कोणाला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, कोणाची चाकाची खुर्ची प्रयोगशाळेच्या टेबलाखाली जात नाही. माझं निम्मं आयुष्य बांधकाम खात्याशी भांडण्यात गेलं. ग्रंथालयाला उतार बांधून द्या म्हटलं. बांधला, फार देखणा बांधला, आणि उताराच्या वरच्या टोकाला एक पायरी ठेवली. शोभेला. मी खात्याच्या साहेबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, चढा. पायरी दुसऱ्याच दिवशी गेली.

हे त्याच केंद्रात खुणांच्या भाषेचे दुभाषी. काम माझ्यापेक्षा अवघड, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल करायची नाही. सर तोंडाने शिकवतात ते ह्यांनी शेजारी उभं राहून हातांनी सांगायचं, विद्यार्थी हातांनी विचारतो ते तोंडाने सांगायचं. कायम काळा सदरा. कोणी गेलंबिलं नाही, काळ्यावर हात स्वच्छ दिसतात म्हणून. आणि एक पक्का नियम. ‘ती असं म्हणते आहे’ असं म्हणायचं नाही. ती ‘मी’ म्हणाली की ह्यांनीही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात मिशाळ, ढेरी सुटलेला हा माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “सर, मी काल आले नव्हते, मला बरं नव्हतं,” तेव्हा अख्खा वर्ग बाकांखाली गेला. पुढे सवय झाली, वर्गालाही आणि ह्यांनाही. एकदा संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, फार दमले गं आज. मी म्हटलं, बसा ताई, चहा टाकते.

जिच्या वतीने हे दमले होते ती मुलगी म्हणजे भुवई. खुणांच्या भाषेत माणसाला हाक मारायची तर त्याची एक खूण लागते. पटलं नाही की हिची डावी भुवई वर जाते, म्हणून भुवईवर बोट ठेवून वर उचलायचं, हेच तिचं नाव. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. वर्गात बहिरी ती एकटीच. आता रसायनशास्त्रातल्या शब्दांना खुणा कोण देणार? एकेक अक्षर बोटांनी जुळवत शब्द पुरा करेपर्यंत सरांनी फळा पुसलेला असायचा. तेव्हा ह्या दोघांनी आपल्यापुरत्या खुणा बनवायला घेतल्या. भुवईने अर्थ सांगायचा आणि ह्यांनी खूण शोधायची.

एके दिवशी कॅटॅलिस्ट आला, म्हणजे उत्प्रेरक. हा काय करतो, ह्यांनी विचारलं. भुवईने सांगितलं की हा येतो, दुसऱ्यांमध्ये खळबळ उडवून देतो, सगळं भराभर घडवून आणतो आणि स्वतः होता तसाच राहतो. हे एकदम हसायला लागले. म्हणाले, ही तर आमची शेजारीण. सासूबाईंच्या तरुणपणी शेजारी एक बाई राहायच्या, नाकावर ही एवढी चामखीळ. रोज दुपारी यायच्या, सासू-सासऱ्यांमध्ये कसलीतरी काडी लावायच्या आणि घर पेटलं की केसही न विस्कटता आपल्या घरी. सासूबाईंनी त्यांची खूण केली होती: नाकाला बोट लावायचं आणि काडी ओढायची. तीच खूण कॅटॅलिस्टची झाली.

मग काय, अख्खं घर रसायनशास्त्रात गेलं. लहानपणी हे खोलीभर पसारा करायचे आणि नणंदबाई मागोमाग तेवढ्याच वेगाने आवरायच्या, त्यामुळे खोली कधीही बघा, तशीच. सासूबाई त्याला एका हाताने उधळल्यासारखं आणि दुसऱ्याने गोळा केल्यासारखं करायच्या. त्याचा झाला समतोल, दोन्हीकडून सारख्या वेगाने चाललेला. ह्यांना सकाळी उठवायला पांघरूण ओढावं लागायचं, एकदा उठले की दिवसभर थांबायचे नाहीत, पण उठवतानाच जीव जायचा. अभिक्रिया सुरू व्हायला जो पहिला जोर लागतो त्याला ह्या दोघांनी पांघरूण ओढायची खूण दिली. भुवई दर रविवारी घरी यायची आणि सासूबाईंच्या पायाशी बसून ही सगळी पुराणं ऐकायची. ऐकायची म्हणजे बघायची. दोघी हसून हसून लोळायच्या आणि मी स्वयंपाकघरातून डोकावून विचारायची की माझ्याबद्दल तर चाललं नाही ना.

सगळं छान चाललं होतं आणि त्यात मिठाचा खडा पडला. भुवईला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, डिग्री खरं तर मामांनाच द्यायला हवी, उत्तरं तेच देतात. म्हणाली हळूच. पण भुवई ओठ वाचते, तिला हळू आणि जोरात सारखंच. ती रडली नाही, पण आमच्या खोलीत येऊन बसली तेव्हा भुवई अशी वर गेली होती की खाली यायचं नाव नाही. मला तर त्या मुलीच्या झिंज्या धरून तिला अख्ख्या आवारात फिरवावंसं वाटत होतं.

त्यातच परीक्षा विभागाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, मदतच करायला आला होता. म्हणाला, शेवटची तोंडी परीक्षा हिला कशाला हवी, लेखीच्या गुणांवरून सरासरी काढू, म्हणजे हिची सोय होईल. भुवईने हात उचलले. हे तिच्याशेजारी उभे होते आणि नेहमीच्या शांत आवाजात बोलत गेले: “सगळे तोंडी देतात, मीही देणार. मला सोय नको, माझे गुण हवेत. आणि दुभाषी बाहेरून बोलवा. मला मामा नकोत.”

हे सगळं आमच्या ह्यांच्याच तोंडून. आवाज हलला नाही की शब्द गाळला नाही. मी मात्र टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला. घरी आल्यावर हे बराच वेळ डोळे मिटून बसले, भांडण नसताना. मग म्हणाले, पोरीचं बरोबर आहे. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

मी दुसऱ्या शहरातल्या एक अनुभवी दुभाषी बाई ठरवल्या. अट एकच की परीक्षेआधी ह्यांनी त्यांना भेटायचं नाही, भुवईनेही नाही, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहायला नको. एका मोठ्या प्रयोगशाळेत भुवईची जागा पक्की झाली होती, पण पदवी हातात आली तरच. नापास झाली तर ती जागा जाणार आणि वर कॅन्टीनमधली ती भवानी खरी ठरणार, की बघा, मामा नव्हते तर हिला काही आलं नाही.

काल सकाळी मी परीक्षेच्या खोलीत जाऊन उजेड बघून आले. दुभाषीच्या पाठीमागे खिडकी असली की हात काळे दिसतात, म्हणून खुर्च्या फिरवल्या. परीक्षक दोघे. एक आपल्याच विभागातले सर आणि दुसरे बाहेरचे, टक्कल पडलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बाहेर आले. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच, त्याच्यावर उघडी झडप, बाजूला स्टुलावर शिपाई. आणि काळा सदरा घालून आमचे हे हजर. येणार नाही म्हणून शपथ घेतली होती. मी चालवून घेतलं, कारण घरी ठेवलं असतं तर त्यांनी सासूबाईंचं डोकं खाल्लं असतं.

टकलू परीक्षकांनी पहिलाच प्रश्न सोपा टाकला. अभिक्रियेचा वेग वाढवायचा तर काय कराल? भुवईचा चेहरा उजळला. तिने झटकन नाकाला बोट लावलं आणि काडी ओढली. दुभाषी बाई क्षणभर थांबल्या. मग नेमून दिलेल्या कामाला जागून, जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं: “मी नाकाजवळ काडी पेटवते.”

आपल्या विभागातल्या सरांनी मान खाली घातली. आणि बाहेर आमच्या ह्यांचा चेहरा पांढराफटक. माझ्याही डोक्यात तेव्हाच लख्ख प्रकाश पडला. अहो, ती खूण आमच्या घरातली. जगात ती सासूबाईंना कळते, आम्हाला कळते आणि भुवईला. दोन वर्षं दोघांनी ती इतकी वापरली होती की ती कुठून आली तेच विसरून गेले. समतोल घरचा, पांघरूण घरचं, निम्मं रसायनशास्त्र आमच्या बैठकीच्या खोलीतलं. आणि त्या पाहुण्या बाईंना ह्यातलं काडीचं माहीत नव्हतं.

भुवईची खुर्ची दाराकडे तोंड करून होती. तिची नजर काचेवर आली, ह्यांच्यावर थांबली. आता तुम्हीच विचार करा. तोंडाने बोलणाऱ्यांना बंद दार आड येतं, हातांनी बोलणाऱ्यांना काचेचं दार म्हणजे उघडं मैदान. ह्यांचा हात छातीपर्यंत वर आला होता. माझेही दोन्ही हात वर आले होते, खोटं कशाला सांगू. मी म्हटलंसुद्धा, अहो सांगा ना काहीतरी.

हे गर्रकन वळले. काचेला पाठ लावली, माझी दोन्ही मनगटं गच्च धरली आणि डोळे मिटून घेतले. “मी आत्ता एक बोट हलवलं तर ती पदवी माझी होईल,” म्हणाले. “तू बघ आणि तोंडाने सांग. हात मी धरून ठेवतो.”

असं आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या ह्यांची दुभाषी झाले. त्यांच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघायचं आणि कानात सांगायचं. सांगितलं की पाहुण्या बाई परीक्षकांना म्हणताहेत, ही खूण मला येत नाही, हा माझा अपुरेपणा आहे, मुलीचा नाही. सांगितलं की आपले सर म्हणताहेत, राहू द्या, लेखीवरून गुण देऊन टाकू. हे ऐकून ह्यांच्या बोटांनी माझ्या मनगटात रुतायचं बाकी ठेवलं नाही. मग मी सांगितलं की भुवई वर गेली आहे. हे म्हणाले, कुठली? म्हटलं, अहो डावी. आणि ती उठली.

उठली ती फळ्यापाशी गेली आणि खडूने ‘कॅटॅलिस्ट’ असं लिहिलं. मग पाहुण्या बाईंकडे वळून पहिल्यापासून सांगायला लागली. एक शेजारीण होती, तिच्या नाकावर चामखीळ होती. बाईंचे डोळे मोठे झाले, मग त्यांचा आवाज खुलला आणि त्या बोलायला लागल्या. शेजारीण येते, काडी लावते, घर पेटतं, ती जशी आली तशी घरी जाते, मी तिला कॅटॅलिस्ट म्हणते. मी इकडे तेच कुजबुजत होते आणि शिपाई स्टूल सोडून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता. परीक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. भुवईने दुसरा शब्द लिहिला, समतोल, आणि एका हाताने उधळलं, दुसऱ्याने गोळा केलं. तिसरा शब्द, आणि पांघरूण ओढलं. प्रत्येक खूण बाईंना शिकवायची म्हणजे प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावून सांगणं आलं, आणि दोन्ही परीक्षक पुढे झुकून बघत होते.

तेवढ्यात टकलू परीक्षकांनी हात वर केला. त्यांना आता मजा यायला लागली होती, पण प्रश्न मजेचा नव्हता. म्हणाले, बरं, पसारा आणि आवराआवर सारखी चालली आहे, त्या खोलीत ही तुमची शेजारीण आली. मग पसारा वाढेल की कमी होईल?

भुवई थांबली. हात खाली. मी गप्प झाले तसे हे म्हणाले, काय झालं, बोल. म्हटलं, विचार करते आहे. मग मी विचारलं, अहो, ह्याचं उत्तर काय? हे डोळे मिटूनच म्हणाले, मला काय ठाऊक.

आणि खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं प्रत्येक तासाला हा माणूस उभा होता, सगळं रसायनशास्त्र त्याच्या हातांतून गेलं होतं, पण त्यातलं अंगाला काही लागलं नव्हतं. एक वाक्य संपायच्या आत दुसरं उचलायचं, त्यात शिकणार कधी. काचेतून सांगायचं ठरवलं असतं तरी काय सांगणार होते, कपाळ? मला हसायला येत होतं आणि रडायलाही येत होतं. ती कॅन्टीनवाली मुलगी तेव्हा तिथे हवी होती.

भुवईचे हात वर आले. तिने नाकाला बोट लावून काडी उजवीकडे ओढली. पुन्हा नाकाला बोट लावून तशीच काडी डावीकडे ओढली. मग दोन्ही हात असे सुटले की मला नीट दिसेनात. उधळणं आणि गोळा करणं, भराभर, पण दोन्ही सारखं. आणि एकदम तळहात सपाट. पाहुण्या बाईंनी श्वास घेतला.

“ती दोघांनाही चिथावते. पसरवणारा आणखी भराभर पसरवतो, आवरणारी तेवढ्याच भराभर आवरते. खोली आहे तशीच राहते. पसारा-आवराआवर अजून सारखी झाली नसेल, तर तिच्यामुळे ती लवकर सारखी होते, एवढंच.”

टकलू परीक्षकांनी टेबलावर थाप मारली. आपले सर हसत होते. त्यानंतर एकापाठोपाठ एक प्रश्न आले, मोठमोठे, मला न कळणारे, आणि भुवई फळ्यासमोर नुसती फिरत होती. मी ह्यांना सांगत होते, आता लिहिलं, आता उत्तर दिलं, आता परीक्षक मान डोलावताहेत. आणि मग मला ते दिसलं. पुढचा प्रश्न विचारताना पाहुण्या बाईंनी स्वतःच नाकाला बोट लावलं आणि काडी ओढली, न अडखळता, जन्मापासून येत असल्यासारखी. मी ह्यांना सांगितलं, अहो, आईंची शेजारीण त्यांनाही कळली.

दार उघडलं आणि भुवई बाहेर आली. पळतच आली. ह्यांनी माझे हात सोडले, डोळे उघडले. तिने हातांनी सांगितलं आणि आमचे हे जन्माची सवय असल्यासारखे व्हरांड्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, “मी पास झाले.”

शिपायाने टाळी वाजवली. पण भुवईने ह्यांचे दोन्ही हात धरले. दुभाष्याला गप्प करायचं तर असंच करावं लागतं. तिने त्यांना आपल्याकडे वळवलं, हात सोडले आणि विचारलं, कोणाला सांगताय? मी तुमच्याशी बोलते आहे.

रविवारी घरी ती ह्यांच्याशी भरपूर बोलायची. पण त्या आवारात, इतक्या तासांत आणि वर्गांत, तिचं प्रत्येक वाक्य ह्यांच्यातून पलीकडे गेलं होतं, दुसऱ्या कोणासाठी तरी. आता पलीकडे कोणी नव्हतं. झोपेतही ज्याचे हात चालतात तो माणूस हात लोंबते सोडून तिच्यासमोर उभा राहिला.

भुवईने सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं: “मामा, मी पास झाले. तुमच्याशिवाय.”

ह्यांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी डोळे मिटले नाहीत.